एंजिन-नियंत्रण केबल, शिडाच्या नौकेवरील

शिडाच्या नौकेतील साहाय्यक एंजिनाचा वेग आणि गिअर सुकाणूजवळच्या तरफांवरून बदलता यावेत यासाठी वापरण्यात येणारी लवचिक यांत्रिक जोडणी. बहुतेक नौकांवर अशा किमान दोन केबली असतात : एक थ्रॉटलची (एंजिनाचा वेग कमी-जास्त करणारी) व दुसरी गिअरची. जुन्या डीझेल एंजिनांवर इंधनपुरवठा तोडून एंजिन बंद करणारी आणखी एक केबल असते, तर पेट्रोल एंजिनांवर चोकची केबल आढळते. १९६० ते १९८५ या काळात बांधलेल्या फायबरग्लासच्या अनेक नौका अद्याप वापरात आहेत आणि त्यांतील काहींवर मूळच्याच केबली आहेत. त्यामुळे झिजलेली केबल ओळखणे, ती काढणे व नवी जुळवून बसविणे हे अशा नौकांच्या देखभालीतील नेहमीचे काम आहे.

उत्पत्ती : या केबलींची पूर्वज बोडेन केबल (गुंडाळलेल्या तारेच्या नळीत सरकणारा बारीक तारदोर) होय, याविषयी दुमत नाही, दुमत आहे ते तिच्या जनकाविषयी. दीर्घकाळ रूढ असलेल्या समजुतीप्रमाणे रॅले सायकल कंपनीचे संस्थापक सर फ्रँक बोडेन यांनी सायकलच्या ब्रेकच्या ताठ सळया काढून त्यांच्या जागी गुंडाळलेल्या तारेची लवचिक केबल आणली. या समजुतीला समकालीन पुरावा मिळत नाही आणि आडनावाच्या साम्यापलीकडे तिच्यात फारसे काही नसावे. पेटंटांच्या नोंदी अर्नेस्ट मॉनिंग्टन बोडेन (१८६०–१९०४) या लंडनमध्ये राहणाऱ्या आयरिश संशोधकाकडे निर्देश करतात. ब्रिटिश पेटंट क्र. २५,३२५ (१८९६) आणि अमेरिकन पेटंट क्र. ६०९,५७० ही दोन्ही त्याच्याच नावावर आहेत. तिसरा दावा जॉर्ज फ्रेडरिक लार्किन याच्या बाजूने केला जातो. त्याने १९०२ च्या सुमारास केबलीवर चालणाऱ्या ब्रेकचे पेटंट घेतले आणि पुढे तो बोडेनच्या पेटंटांचा व्यवहार पाहणाऱ्या संस्थेतच दाखल झाला. हा कालक्रम लक्षात घेता लार्किनला फार तर सुधारणेचे श्रेय देता येईल, मूळ कल्पनेचे नव्हे. बोडेन ब्रेक १८९६ मध्येच बाजारात आला असे सांगतात; तथापि त्याचा खरा प्रसार १८९९–१९०१ च्या सुमारास सायकलला फ्रीव्हील (पायटे स्थिर ठेवूनही मागचे चाक फिरू देणारी रचना) रूढ झाल्यावर झाला असावा, कारण तोपर्यंत चालत्या सायकलला पायांनीच रोखता येत असे.

रचना : बोडेन केबल ओढण्याचे काम उत्तम करते, ढकलण्याच्या बाबतीत ती कमी पडते. तिचे बाह्य वेष्टन म्हणजे वेढ्याला वेढा चिकटवून गुंडाळलेली तार असते. ते दाब सहन करते, पण ताणले असता वेढे सुटतात. शिवाय आतील बारीक दोर ढकलला की नळीत वाकतो. त्यामुळे परतीच्या हालचालीसाठी दुसऱ्या टोकाला स्प्रिंग लावावी लागते. दुचाकीच्या क्लचची वायर याच जातीची आहे. गिअरची तरफ मात्र न्यूट्रलच्या दोन्ही बाजूंना, पुढे आणि मागे, जोराने न्यावी लागते. तेथे ढकल-ओढ केबल वापरतात. हिच्या मध्यभागी ताठ गाभा असतो, त्याभोवती प्लॅस्टिकचे अस्तर, अस्तरावर लांब पिळाच्या पोलादी तारांचा थर आणि सर्वांत बाहेर प्लॅस्टिकचे आवरण. पीळ लांब असल्याने तारा जवळजवळ केबलीच्या दिशेनेच धावतात आणि वेष्टन ताण व दाब दोन्ही पेलू शकते.

या जातीच्या केबलींच्या विकासाला विमानविद्येतून मोठी चालना मिळाली. अमेरिकेतील टेलिफ्लेक्स ही कंपनी १९४३ मध्ये लष्करी विमानांची नियंत्रणे बनविण्यासाठीच स्थापन झाली होती. तिचा नौका-विभाग २०११ मध्ये विकला गेला, पुढे तो सीस्टार या नावाने चालला आणि २०१७ मध्ये डोमेटिकने तो घेतला. जुन्या केबलीवर एक नाव आणि दुकानातील नव्या केबलीवर दुसरे, असे दिसल्यास गोंधळून जाण्याचे कारण नाही. मध्यम आकाराच्या नौकांवर ‘३३-सी’ या वर्गाची केबल सर्वाधिक आढळते. तिची चाल (गाभा पुढे-मागे सरकण्याचे अंतर) सु. ७६ मिमी. असून टोकांना इंची मापाचे ‘१०-३२’ आटे असतात. यूरोपीय बनावटीच्या काही केबलींना त्याऐवजी ‘एम ५’ आटे असतात. या दोन आट्यांचे अंतराल (लगतच्या दोन आट्यांमधील अंतर) अनुक्रमे ०.७९४ मिमी. व ०.८ मिमी., म्हणजे जवळजवळ सारखेच आहे. व्यास मात्र ४.८३ मिमी. व ५ मिमी. असा वेगळा. परिणामी एम ५ चा नट १०-३२ च्या टोकावर विनातक्रार चढतो, पण ढिला बसतो आणि जोर पडल्यावर आट्यांवरून घसरू शकतो. हातात असलेला नट ‘बसतोय’ एवढ्यावर विसंबणे येथे धोक्याचे आहे.

झीज व वंगण : खाऱ्या पाण्याचा शिरकाव बहुधा टोकांतून होतो. गाभा गंजतो, गंजाने फुगून अस्तरात घासतो आणि तरफ दिवसेंदिवस जड होत जाते. बाहेरील आवरण तडकलेले असणे, त्यातून तांबूस ओघळ दिसणे, टोकाची सळी वाकलेली असणे किंवा तरफ हलवूनही एंजिनकडील टोक काही अंतर स्थिर राहणे, ही इतर लक्षणे होत. एक्झॉस्टच्या नळीला टेकलेली केबल उष्णतेने लवकर बाद होते. फार लहान त्रिज्येत वळविलेली केबलही तशीच. ३३-सी वर्गासाठी वळणाची त्रिज्या सु. २०० मिमी. पेक्षा कमी नसावी. जड झालेल्या केबलीत तेल सोडावे की नाही, याविषयी दोन मते आहेत. जुने नाविक उभ्या धरलेल्या केबलीत तेल मुरवीत, आणि अस्तर नसलेल्या धातूच्या केबलींसाठी ती पद्धत योग्यच होती. प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या केबलींत निर्माते कारखान्यातच वंगण भरतात, आणि बाहेरून सोडलेले तेल अस्तराला अपायकारक ठरू शकते. गंजलेला गाभा तेलाने पूर्ववत होत नाही. तेव्हा अशी केबल बदलणेच श्रेयस्कर. एकाच वेळी बसविलेल्या दोन केबलींचे वय सारखेच असल्याने दोन्ही एकदम बदलण्याचा प्रघात आहे.

बदलण्याची रीत : फ्रँक बटलर यांनी आराखडा केलेली कॅटलिना ३० ही अमेरिकन नौका १९७० च्या दशकाच्या मध्यापासून २००८ पर्यंत बांधली जात होती आणि तिच्या सहा हजारांहून अधिक प्रती निघाल्या. सुकाणूचक्र असलेल्या अशा नौकांवर केबली चक्राच्या पोकळ स्तंभातून खाली उतरतात. प्रथम स्तंभाच्या माथ्यावरील होकायंत्र उतरवितात, म्हणजे तरफांना जोडलेली टोके दिसू लागतात. स्प्लिट पिन (टोक निसटू नये म्हणून घातलेली दुपाखी खीळ) काढून टोक सोडविण्यापूर्वी ते कोणत्या छिद्रात होते आणि आटे किती आत गेले होते, याची खूण करतात. एंजिनकडील टोक सुटे केल्यावर त्याला एक मजबूत दोरी बांधून वरून चिकटपट्टी घट्ट गुंडाळतात. जुनी केबल ओढून काढली की दोरी तिच्या मार्गात राहते आणि तिच्याच आधाराने नवी केबल आत घेता येते. सांधा जाड झाला तर तो स्तंभाच्या तळाशी अडकतो. नव्या केबलीची लांबी ठरविताना जुन्या केबलीचे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माप घेतात आणि अपूर्णांक आल्यास पुढची पूर्ण फुटांची लांबी निवडतात. स्तंभात सुकाणूची साखळी व तारदोरही असतात. नवी केबल त्यांना टेकून राहिली तर प्रत्येक वळणासरशी तारदोर तिचे आवरण करवतीत राहतो, म्हणून ती बाजूला घेऊन पक्की बांधावी लागते.

केबल ओढून घेण्यापेक्षा तिची जुळवणी अधिक नाजूक आहे. स्तंभावरची तरफ आणि गिअरपेटीची तरफ दोन्ही न्यूट्रलमध्ये ठेवून, केबल गिअरपेटीच्या तरफेशी जवळपास काटकोनात येईल अशा रीतीने टोक फिरवून लांबी साधतात. नंतर पुढील व मागील दोन्ही गिअरमध्ये गिअरपेटीची तरफ शेवटपर्यंत जाते, हे कोणीतरी एंजिनाजवळ बसून डोळ्यांनी पाहावे लागते. ती अर्धवट राहिली तर क्लच घसरतो, तापतो आणि गिअरपेटी अकाली झिजते. जुन्या कॅटलिनांवरील ‘ॲटॉमिक ४’ या पेट्रोल एंजिनात मागच्या गिअरची तरफ जोर देऊन धरून ठेवावी लागते, त्यामुळे केबलीतील थोडे घर्षणही तेथे जाणवते. थ्रॉटलच्या बाबतीत तरफ मागे घेतल्यावर एंजिनावरील तरफ मंदगतीच्या स्क्रूला टेकते की नाही, हे पाहिले म्हणजे पुरते.

थ्रॉटलची केबल तुटल्यास एंजिन बहुधा मंदगतीवर येते. गिअरची केबल मात्र धक्क्याला लागताना, पुढच्या गिअरमध्येच तुटली तर नौका मागे घेता येत नाही. एंजिन तत्काळ बंद करणे किंवा कोणीतरी खाली उतरून गिअरपेटीची तरफ हाताने फिरविणे, एवढेच उपाय उरतात.

मुंबईच्या बंदरातील शिडाच्या नौका पावसाळ्यात किनाऱ्यावर घेतल्या जातात. त्या दमट महिन्यांत न हललेली केबल जाग्यावर धरते, म्हणून हंगामापूर्वी केबली सुट्या करून दोन्ही बाजूंना हाताने सरकवून पाहणे इष्ट असते. एंजिन बंद करण्याच्या केबलीला परतीची स्प्रिंग असल्यास त्या केबलीच्या जागी दुचाकीच्या क्लचची वायर तात्पुरती चालते. गिअरसाठी तिचा वापर करता येत नाही.