गोसावी (बाजरीचा रोग)

बाजरीवरील एक प्रमुख रोग. पानांवर दिसतो तोवर त्यास केवडा आणि कणसात उतरल्यावर गोसावी म्हणण्याचा प्रघात आहे. कारक (रोग घडवणारा सूक्ष्मजीव) मात्र एकच, स्क्लेरोस्पोरा ग्रामिनिकोला. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर, जालना व बीड या बाजरीच्या जिल्ह्यांत तो परिचित आहे. कणसात दाण्यांऐवजी हिरव्या, पिंजारलेल्या पानांचा झुपका फुटतो. त्यावरून, म्हणजे गोसाव्याच्या जटांवरून, हे नाव पडले असावे. पुष्कळदा कणीस अर्धे दाणेदार व अर्धे जटाधारी असते. द्राक्षावरील केवड्याचा कारक वेगळा आहे.

कारकाचे वर्णन कवकशास्त्रज्ञ साकार्दो यांनी 1876 च्या सुमारास प्रोटोमायसीस या प्रजातीत केले. पुढे श्र्योटर यांनी त्यासाठी स्क्लेरोस्पोरा ही प्रजाती वापरली. तो दीर्घकाळ बुरशीत गणला गेला. आता त्याचा समावेश ऊमायसीट गटात होतो आणि हा गट खऱ्या बुरशीपेक्षा काही शैवालांना जवळचा मानतात. वर्गीकरणाचा हा बदल कागदावरचा नव्हे: कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक या रोगावर निरुपयोगी ठरते, तर मेटॅलॅक्झिल हे औषध लागू पडते, याचे कारण यातच आहे.

प्राथमिक लागण कोठून होते, याविषयी मतभेद आहेत. जमिनीत व रोगट अवशेषांत काही वर्षे तग धरणारे जाड भित्तिकेचे ऊस्पोर (सुप्त बीजाणू) हा मुख्य स्रोत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ते बियाण्याला चिकटून नव्या शेतात जातात, हेही बहुतेकांना मान्य आहे. दाण्याच्या आतील कवकजालामुळे (कारकाच्या तंतूंच्या जाळ्यामुळे) लागण होते का, यावर एकमत नाही. दुय्यम प्रसाराबाबत वाद नाही. जुलैची झिमझिम व ढगाळ हवा असताना पहाटे रोगट पान उलटून पाहिले तर खालच्या बाजूस पांढरी लव दिसते व बोटाला लागते. ही बीजाणुधानी, म्हणजे बीजाणूंच्या पिशव्यांची लव, रात्रीतून तयार होते आणि ऊन चढताच सुकते. भुरी या वेगळ्या रोगाची पांढरी पूड मात्र मुख्यतः पानाच्या वरच्या बाजूस असते व दिवसभर टिकते.

भारतात या रोगाचे महत्त्व संकरित वाणांनंतर वाढले. टिफ्ट 23 ए या मादी वाणावर आधारलेला एचबी-1 हा संकर 1965 मध्ये आला. एकाच मादी वाणावर उभे राहिलेले हे पीक 1970-71 च्या सुमारास मोठ्या साथीस बळी पडले. त्यानंतर प्रतिकारक्षमता ही वाणनिवडीची अट झाली.

नियंत्रणासाठी प्रतिकारक वाण, बियाण्यास प्रतिकिलो 6 ग्रॅम मेटॅलॅक्झिल 35 एसडी चोळणे, वेळेवर पेरणी व पिकांची फेरपालट करतात. पिवळी पडलेली रोपे लवकर उपटून बांधाबाहेर जाळतात. बांधावर टाकल्यास ऊस्पोर पुन्हा शेतात येतात. कोवळी रोपे सर्वाधिक बळी पडत असल्याने पहिला महिना महत्त्वाचा. मिठाच्या 20 टक्के द्रावणात बी बुडवून तरंगणारे काढण्याची शिफारस अरगट या बाजरीच्या दुसऱ्या रोगासाठी आहे. या रोगाशी तिचा संबंध नाही. दोन्ही उपाय पेरणीपूर्वीच करायचे असल्याने गल्लत होते. मिठाच्या द्रावणातून काढलेले बी स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवल्यावरच औषध चोळतात.