मोठे कॅलिपर, जाड रोटर: स्पोर्ट्‌स कारच्या ब्रेकबदलामागची गोष्ट

सहा पिस्टनचा कॅलिपर (चाकासोबत फिरणाऱ्या चकतीवर, म्हणजे रोटरवर, पिस्टनच्या जोराने पॅड दाबणारा चिमटा) बसवला की गाडी लगेच कमी अंतरात थांबते, हा समज फार पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. एकदा कचकन ब्रेक मारल्यावर गाडी किती अंतरात थांबेल हे टायरची पकड ठरवते, आणि चाकं लॉक करण्याइतका जोर धडधाकट मूळ ब्रेकमध्येही असतो. मोठ्या ब्रेकचा उपयोग होतो तो घाट उतरताना किंवा ट्रॅकवर, विसाव्यांदा पेडल दाबताना. कारण खरा प्रश्न उष्णतेचा आहे, आणि तो पहिल्यापासून तोच आहे.

बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. तांब्याचं अस्तर चकतीवर घासताना कर्कश आवाज यायचा आणि झिजायचंही लवकर, म्हणून पुढची कित्येक वर्षं ड्रमचीच (फिरत्या डब्याला आतून ‘शू’ दाबणाऱ्या ब्रेकची) गेली. ड्रम तापला की फुगतो, शूपासून लांब जातो आणि पेडल खाली जायला लागतं. चकती तापली तर किंचित जाड होऊन उलट पॅडच्याच जवळ येते, शिवाय ती उघड्या हवेत फिरते. अमेरिकेत क्रॉस्लीने १९४९ च्या हॉटशॉट या छोट्या स्पोर्ट्‌स कारला डिस्क ब्रेक दिले, पण हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने ते गंजून अडकू लागले आणि लवकरच मागे घ्यावे लागले.

नशीब पालटलं ते शर्यतीत. डनलॉपच्या डिस्क ब्रेकवर धावलेल्या जॅग्वार सी-टाइपने १९५३ ची २४ तासांची ल मॉन्स जिंकली. चालक होते टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन. प्रत्येक फेरीत थोडं उशिरा ब्रेक मारता येणं आणि तेच ब्रेक पहाटेपर्यंत टिकणं, हा फायदा सगळ्यांना दिसला. १९५५ मध्ये सिट्रोएन डीएस आणि १९५६ मध्ये ट्रायम्फ टीआर३ पुढच्या चाकांना डिस्क घेऊन रस्त्यावर आल्या.

पुढचा टप्पा पोर्शाचा. १९६७ च्या ९११ एसला आतून हवा खेळणारे व्हेंटिलेटेड रोटर होते. ९१७ या रेस कारवर भोकं पाडलेले रोटर आले, आणि १९७८ च्या ३.३ लिटर ९११ टर्बोला ९१७ च्याच जातीचे चार पिस्टनचे ॲल्युमिनियम कॅलिपर मिळाले. इटलीत १९६१ साली सुरू झालेली ब्रेम्बो १९७५ पासून फेरारीच्या फॉर्म्युला वन संघाला ब्रेक पुरवू लागली. आज या कंपनीचा कारखाना पुण्यातही आहे. चाकणला बनणाऱ्या केटीएम ड्यूकवरचे ‘बायब्रे’ ब्रेक तिचेच.

पण शर्यतीबाहेरच्या ब्रेकबदलाचं खरं शिक्षण दिलं ते डॅटसन २४०झेड या जपानी स्पोर्ट्‌स कारने. सुमारे १,०५० किलोच्या या गाडीला पुढे भरीव रोटर आणि मागे ड्रम होते. टोयोटाच्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपचे चार पिस्टनचे कॅलिपर तिच्या मूळ बोल्टांच्या जागी बसतात, हे अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी शोधून काढलं. फक्त धुळीपासून बचाव करणारा मागचा पत्रा थोडा कापावा लागतो. यात एक मेख आहे. ‘एस१२-८’ असा ठसा असलेला कॅलिपर मूळ भरीव रोटरवरच बसतो, म्हणजे उष्णता साठवणारं लोखंड तेवढंच राहतं. जाड रोटर हवा असेल तर ‘एस१२डब्ल्यू’ कॅलिपर, त्याच घराण्यातल्या ३००झेडएक्स गाडीचा व्हेंटिलेटेड रोटर आणि हबपाशी (चाक बसतं त्या मधल्या भागापाशी) स्पेसर, म्हणजे अंतर भरणारी चकती, असा पूर्ण संच लागतो.

लोखंड का महत्त्वाचं? १,१०० किलोची गाडी ताशी १६० वरून ८० किलोमीटरवर आणताना सुमारे ८१५ किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. त्यातली ७० टक्के पुढच्या दोन रोटरनी घेतली, तर ५ किलोचा रोटर एका दाबात साधारण १२५ अंशांनी तापतो, ८ किलोचा ७७ अंशांनी. पिस्टनची संख्या या हिशेबात कुठेच येत नाही.

पिस्टनचं क्षेत्रफळ मात्र मोजायलाच हवं. समोरासमोर पिस्टन असलेल्या कॅलिपरच्या एकाच बाजूचे पिस्टन धरायचे: ३८ मिलिमीटरचे चार पिस्टन म्हणजे फ्लोटिंग (एकाच बाजूला पिस्टन असलेल्या, सरकत्या) कॅलिपरमधल्या ५४ मिलिमीटरच्या एका पिस्टनइतकंच क्षेत्रफळ. पुढे मूळ ब्रेकपेक्षा बरंच मोठं क्षेत्रफळ घेतलं तर पुढची चाकं आधी लॉक होतात, मागचे ड्रम नुसतेच फिरतात आणि थांबायचं अंतर उलट वाढतं. पेडलही लांब जातं. म्हणून २४०झेडवर मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ब्रेक ऑइलच्या दाबात बदलणारा भाग) ७/८ इंचावरून २८०झेडएक्स गाडीच्या १५/१६ इंचावर नेतात. क्षेत्रफळ १५ टक्के वाढतं, पेडल आखूड होतं, पण पायाला जोर जास्त लागतो.

भोकं पाडलेल्या रोटरचा मोह ट्रॅकसाठी टाळावा. भोकांच्या कडेपासून तडे सुरू होतात. साधा किंवा खाचांचा रोटर जास्त टिकतो. बसवताना हबवरचा गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढा आणि डायल गेजवर रोटरचा डगमग ०.०५ मिलिमीटरच्या आत ठेवा. चाकाच्या आरीपासून कॅलिपरला किमान ३ मिलिमीटर मोकळी जागा हवी. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला तर ब्लीड निपल (ऑइलमधली हवा काढायची तोटी) खाली येतो आणि कितीही पंप केलं तरी वरची हवा निघत नाही. स्पंजी पेडलचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. ब्रेक ऑइल नवं भरा: डॉट ४ या दर्जाच्या ऑइलसाठी उकळबिंदूची किमान मर्यादा कोरड्या ऑइलला २३० अंश आहे, पाणी शोषलेल्याला फक्त १५५.

शेवटी नवे पॅड रोटरशी जुळवून घेणं (बेडिंग). रिकाम्या रस्त्यावर ताशी १०० वरून २० किलोमीटरवर आठ-दहा वेळा आणा, पूर्ण न थांबता. मग दहा मिनिटं ब्रेक न लावता गाडी चालवून रोटर थंड होऊ द्या. तापलेल्या रोटरवर गाडी उभी करून पेडल दाबून धरलं तर पॅडचा थर एकाच जागी चिकटतो आणि स्टिअरिंग थरथरू लागतं. ‘रोटर वाकला’ म्हणून आलेल्या बऱ्याच गाड्यांचा रोटर वाकलेला नसतो, त्याच्यावर हा थर असतो.