रानटी प्राण्यांच्या मांसाची चव : कोणाचं कसं लागतं आणि का

रानटी मांस किंवा शिकारीचं मांस म्हणजे गोठ्यात, खुराड्यात न वाढता जंगलात, माळावर, पाणथळीत स्वतः फिरून पोट भरणाऱ्या प्राणी-पक्ष्यांचं मांस. यात हरणांच्या जाती, रानडुक्कर, ससे, अस्वल, कांगारू, रानबदकं, फेजंट (कोंबडीच्या कुळातला रानपक्षी), तितर, होले असं बरंच काही येतं. चवीचा विषय निघाला की लोक सरसकट "उग्र असतं हो" एवढंच म्हणून मोकळे होतात, पण या सगळ्यांची चव एकसारखी मुळीच नसते, आणि ज्याला उग्र म्हणतात त्यातला बराचसा भाग प्राण्याच्या जातीतून येतच नाही, तो येतो त्याच्या खाण्यातून, वयातून, मोसमातून आणि मारल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत त्याचं जे काय केलं जातं त्यातून. म्हणून एकाच जातीच्या दोन हरणांचं मांस कधीकधी इतकं वेगळं लागतं की खाणाऱ्याला ते एकाच प्राण्याचं आहे हे पटत नाही.

कुठल्या देशात कुठल्या प्राण्याची शिकार चालते हे तिथल्या कायद्यावर असतं आणि बऱ्याच ठिकाणी ती पूर्ण बंद आहे. दुकानात शिकारीचं म्हणून मिळणारं मांसही पुष्कळदा फार्ममधलं असतं, उदा. न्यूझीलंडमध्ये लाल हरणं फार्मवर पाळतात आणि त्यांचं मांस जगभर जातं, ते चवीला सौम्य आणि दर वेळी साधारण सारखंच लागतं. याउलट ऑस्ट्रेलियातलं कांगारूचं मांस रानात फिरणाऱ्या कांगारूंचंच असतं. तुलना करताना हा फरक आधी बघावा, नाहीतर फार्मचं हरीण खाऊन रानातल्या हरणाबद्दल मत बनतं.

चव येते कुठून

तीन गोष्टी मुख्य. पहिली म्हणजे स्नायूतलं मायोग्लोबिन, हे लोह असलेलं प्रथिन ऑक्सिजन साठवतं आणि मांसाला लाल रंग देतं. जो स्नायू तासन्‌तास काम करतो त्यात ते जास्त, म्हणून रानात धावपळ करणाऱ्या प्राण्याचं मांस गडद लाल असतं आणि त्याला लोखंडी, थोडी कलेजीकडे झुकणारी चव असते. जे स्नायू फक्त क्षणभर जोर लावतात ते फिके राहतात आणि चवीलाही फिके लागतात. बेडूक, मगर, पाळीव ससा हे सगळे "चिकनसारखे लागतात" असं जे म्हणतात त्यात तथ्य आहे, कारण फिका स्नायू आणि कमी चरबी एवढं जुळलं की फरक करायला जिभेला फारसं काही उरतच नाही.

दुसरी गोष्ट चरबी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. प्राण्याची ओळख पटवणारा वास मुख्यतः चरबीत असतो, मांस लालबुंद असलं तरी चरबी पूर्ण काढली की कुठला प्राणी ते सांगणं अवघड होतं. रानटी प्राण्यांच्या मांसात आतली चरबी फार कमी, हरणाच्या स्वच्छ केलेल्या मांसात साधारण २-३ टक्के आणि कांगारूत त्याहूनही कमीच. पण जी असते तिच्यात हिरवा चारा खाल्ल्यामुळे ओमेगा-३ सारखी नाजूक स्निग्धाम्लं जास्त असतात, ती हवेशी आणि मांसातल्या लोहाशी संपर्क आला की लवकर खवट होतात, आणि "शिकारीचा वास" म्हणून जो सांगतात तो बऱ्याच वेळा हा खवटपणाच असतो.

तिसरी गोष्ट खाणं. चरबीत विरघळणारे वनस्पतींमधले वासाचे घटक थेट चरबीत जाऊन बसतात, त्यामुळे प्राण्याने शेवटच्या काही आठवड्यांत काय खाल्लं ते ताटात कळतं.

हरणं

हरणांच्या मांसाला सरसकट व्हेनिसन म्हणतात पण त्यात चवीचा पल्ला मोठा आहे. रो हरीण लहान, त्याचं मांस बारीक धाग्याचं, कोवळं आणि थोडं गोडसर. लाल हरीण त्यापेक्षा जाड धाग्याचं आणि ठसठशीत चवीचं, फॅलो हरणाच्या अंगावर चरबी बऱ्यापैकी चढते म्हणून ते रसाळ लागतं. मूस हा हरणांमधला सगळ्यात मोठा, धागे लांब आणि भरड पण चव आकाराच्या मानाने सौम्य, आणि वापिटी (उत्तर अमेरिकेतलं मोठं हरीण, तिथे त्याला एल्क म्हणतात) तर इतका सौम्य की न सांगता वाढला तर बरेच जण तो बीफ समजूनच खातील. रेनडिअरचं मांस बारीक धाग्याचं, मऊ, त्याला एक हलकी कलेजीसारखी छटा असते. चितळ हे मूळचं भारतीय उपखंडातलं, पण १८६८ च्या सुमारास ते हवाई बेटांवर नेलं गेलं आणि नंतर टेक्सासमध्येही, तिथे त्याची शिकार होते आणि ते खाणारे त्याला हरणांमधल्या सगळ्यात सौम्य आणि स्वच्छ चवीच्या मांसात धरतात.

खाण्याचा परिणाम हरणांत नीट दिसतो. शेताच्या कडेला मका आणि सोयाबीन खाऊन वाढलेलं पांढऱ्या शेपटीचं हरीण सौम्य असतं, आणि सेजब्रश नावाची उग्र वासाची झुडपं खाणारं कोरड्या प्रदेशातलं म्यूल हरीण त्याच्यापेक्षा तिखट वासाचं निघतं. प्राँगहॉर्नची (उत्तर अमेरिकेतला हरणासारखा दिसणारा, पण खरं तर हरीण नसलेला प्राणी) बदनामी मात्र मला अन्यायाची वाटते, तो बराच वेळ पळवून मारला, उन्हात गाडीच्या टपावर तसाच ठेवला आणि मग म्हटलं की याला वास येतो, तर तो येणारच, पण लगेच सोलून थंड केलेला प्राँगहॉर्न अतिशय नाजूक चवीचा असतो.

हरणाच्या चरबीबद्दल एक वेगळं सांगायला हवं. तिच्यात स्टिअरिक आम्ल बरंच असतं, त्यामुळे ती वितळायला जास्त उष्णता लागते आणि ताटातलं मांस जरा निवलं की टाळ्याला मेणासारखी चिकटून बसते. गाईच्या किंवा डुकराच्या चरबीने मांसाची मजा वाढते, हरणाच्या चरबीने ती जाते, म्हणून जाणकार लोक ती पांढरी चरबी आणि वरचा चंदेरी पापुद्रा आधीच काढून टाकतात आणि लागलंच तर दुसरी चरबी वापरतात.

माजावर आलेला नर हा सगळ्यात अवघड. त्या काळात तो नीट खात नाही, मादीमागे पळत राहतो, मागच्या पायांवरच्या ग्रंथींवर मुततो, आणि सोलताना तोच हात किंवा सुरी मांसाला लागली की वास मांसभर पसरतो. म्हणजे इथेही अर्धा दोष सुरीचा.

रानडुक्कर आणि अस्वल

रानडुकराचं मांस पाळीव डुकरापेक्षा गडद, घट्ट आणि चवीला भरदार, त्यात हलका सुक्यामेव्यासारखा गोडवा असतो, विशेषतः ओकची फळं, चेस्टनट वगैरे खाऊन वाढलेल्याचा. कोवळी पिल्लं आणि मादी उत्तम. म्हातारा नर मात्र खरोखर उग्र असू शकतो आणि इथे कारण जैविक आहे: अँड्रोस्टेनोन आणि स्केटोल हे दोन पदार्थ त्याच्या चरबीत साठतात, पहिल्याला घामासारखा, मुतासारखा वास आणि दुसऱ्याला शेणासारखा. गंमतीची गोष्ट अशी की अँड्रोस्टेनोनचा वास सगळ्यांना येत नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की ओआर७डी४ या वासाच्या जनुकातल्या फरकामुळे कोणाला तो घाण लागतो, कोणाला गोडसर व्हॅनिलासारखा आणि कोणाला काहीच येत नाही, म्हणजे एकाच ताटातलं मांस खाऊन दोन माणसं भांडत असतील तर दोघंही खरं बोलत असतात.

अस्वल म्हणजे खाण्याचा परिणाम सगळ्यात ठळक दाखवणारा प्राणी. शरद ऋतूत ब्लूबेरी आणि ओकची फळं खाऊन गुबगुबीत झालेलं काळं अस्वल गोडसर, मऊ, चरबी तर फारच चांगली, आणि तेच नदीकाठी सामन मासे खात बसलेलं असेल तर मांसाला मासळीचा वास येतो आणि बहुतेकांना ते खाववत नाही. जात तीच, जंगल कदाचित तेच, फक्त महिना आणि जेवण वेगळं.

या दोघांच्या बाबतीत चवीआधी ट्रिकिनेला हा परजीवी लक्षात घ्यावा लागतो. मांस आतून ७१ अंश सेल्सिअसपर्यंत शिजवायलाच हवं, आणि थंड प्रदेशातल्या अस्वलांत आढळणारी ट्रिकिनेला नेटिवा ही जात गोठवूनही मरत नाही, त्यामुळे फ्रीझरवर भरवसा ठेवू नये. म्हणजे हरणासारखं मधोमध लालसर ठेवून खायचा प्रश्नच येत नाही, आणि चवींची तुलना करताना हेही धरावं लागतं की एक अर्धकच्चं आहे आणि एक पूर्ण शिजलेलं.

ससे

युरोपातला रानससा (बिळात राहणारा) आणि हेअर (उघड्यावर राहणारा, लांब पायांचा) हे नातेवाईक असले तरी मांस दोन टोकांचं. बिळातला ससा धोका दिसला की चार उड्यांत बिळात जातो, त्याचे स्नायू फिके, चव सौम्य. हेअरला लपायला बीळ नाही, तो लांबवर पळून जीव वाचवतो, म्हणून मांस जवळजवळ काळपट लाल आणि चव बऱ्याच हरणांपेक्षाही ठसठशीत. दोघांतही चरबी इतकी कमी की नुसतं सशाच्या मांसावर आठवडेच्या आठवडे राहिलेल्या लोकांना पोट भरूनही जुलाब, डोकेदुखी, अशक्तपणा येतो, त्याला प्रथिनांची विषबाधा म्हणतात.

पक्षी

पक्ष्यांत छाती बघितली की चवीचा अर्धा अंदाज येतो. फेजंट, तितर, लावा हे जमिनीवर चालणारे, फडफड करून थोडंच उडणारे, म्हणून छाती पांढरी आणि चव कोंबडीच्या जवळची, फक्त जास्त भरीव. बदकं, हंस, होले लांब उडतात, छाती लाल, चव लोखंडी आणि गडद. वुडकॉक (लांब चोचीचा रानपक्षी) तर उलटाच पक्षी, छाती गडद आणि पाय फिके.

बदकांमध्ये जातीपेक्षा खाणं जास्त बोलतं. धान्य आणि बिया खाणारी टील, पिनटेल, मॅलर्ड ही चांगली, आणि मासे खाणारी मर्गान्झर किंवा शिंपले खाणारी स्कोटर यांची चरबी हिंवस, मासळीच्या वासाची. कॅनव्हासबॅक बदकाला एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या चेसापीक उपसागराच्या भागात फार मान होता तो ते तिथल्या पाण्यातल्या रानसेलरीचे कंद खायचं म्हणून. कॅपरकेली हा युरोपातला कोंबडीच्या कुळातला मोठा रानपक्षी हिवाळ्यात पाइनच्या सुया खातो आणि मांसाला राळेसारखी चव येते, त्याचाच अमेरिकेतला नातेवाईक सेज ग्राउस, त्याचंही सेजब्रशमुळे तसंच, हा वास कितीही मसाला घातला तरी पूर्ण जात नाही.

मारल्यानंतरचे तास

या भागाबद्दल लोक सगळ्यात कमी बोलतात आणि चव इथेच घडते किंवा बिघडते. शांतपणे चरत असताना एका गोळीत मेलेल्या प्राण्याच्या स्नायूत ग्लायकोजेन (साखरेचा साठा) शिल्लक असतं, त्याचं लॅक्टिक आम्ल होतं आणि एका दिवसात मांसाचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ७ च्या आसपासून ५.४ ते ५.८ पर्यंत उतरतो, असं मांस चवीला स्वच्छ आणि टिकतंही. जखमी होऊन तासभर पळालेल्याचं ग्लायकोजेन आधीच संपलेलं, पीएच ६ च्या वर राहतो, मांस काळपट, चिकट, कोरडं दिसतं, चव सपाट आणि लवकर नासतं. आतडं किंवा मूत्राशय फुटलं तर वेगळंच संकट.

पोट लगेच साफ करून अंगातली उष्णता काढणं महत्त्वाचं, पण फार घाईने गारठवलं, म्हणजे मांस ताठर होण्याआधीच १० अंशांच्या खाली नेलं, तर स्नायू आखडून कायमचे वातड होतात. त्यानंतर ० ते ४ अंशांत काही दिवस टांगून ठेवलं की स्नायूतलीच एन्झाइम धागे सैल करतात, मोठ्या हरणाला आठवडाभर सहज चालतं. पूर्वी फेजंट पिसांसकट वास सुटेपर्यंत टांगायचे, मला तो प्रकार धोक्याचा वाटतो, चार-पाच दिवस थंडीत पुरे.

शिजवणं आणि तुलना करणं

हरीण, कांगारू, बदकाची छाती यांचे मऊ तुकडे आतून ५५-५७ अंशांवर थांबवले तर रसाळ राहतात. ६५ च्या पुढे गेले की पाणी निघून जातं आणि कलेजीची चव वर येते, मग खाणारा दोष प्राण्याला देतो. मान, नळी, खांदा यांना उलट तासन्‌तास मंद शिजवावं लागतं, तेव्हा त्यातलं कोलॅजन (स्नायूंना बांधून ठेवणारं चिवट प्रथिन) विरघळून रस्सा दाट होतो. दूध, ताक किंवा व्हिनेगरमध्ये बुडवण्याचा फायदा वरवरचाच, आंबट पदार्थ आत काही मिलिमीटरच जातो, मीठ मात्र खोल जातं.

खरी तुलना करायची असेल तर एकाच भागाचे तुकडे घ्यावेत, पाठीचा मऊ भाग सगळ्यात सोयीचा, चरबी काढून फक्त मीठ लावून सारख्या तापमानाला शिजवावेत, आणि कुठला कोणाचा ते न सांगता वाढावेत. नाव कळलं की जीभ आधीच ठरवून बसते. सुरुवात फिक्या मांसापासून करून गडदाकडे जावं, चरबीचा तुकडा वेगळा वितळवून चाखावा, आणि मऊपणा व चव यांची नोंद वेगवेगळी ठेवावी कारण वातड तुकड्याला लोक हटकून "चवीला वाईट" म्हणतात. प्राण्याचं वय, नर की मादी, महिना आणि भाग हे लिहिलेलं नसेल तर नुसत्या जातीच्या नावाचा फार उपयोग नाही. शिळं मांस यात घेऊ नये: एकदा शिजून फ्रीजमध्ये राहिलं की त्यातली चरबी लोहामुळे एका रात्रीत बदलते आणि परत गरम केल्यावर पुठ्ठ्यासारखा वास येतो, तो हरीण, बदक, हेअर सगळ्यांनाच जवळपास सारखा येतो.