यादीत नसलेला माणूस

नाशिकमधल्या कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर रविवारचं चालणं झालं की आमचा सात-आठ जणांचा गट मिसळ खायला जातो. एका रविवारी समोरचे पाव गार झाले तरी कोणाचं लक्ष नव्हतं. अमेरिकेत बोल्डर नावाच्या शहरात १९९६च्या नाताळात मारल्या गेलेल्या सहा वर्षांच्या जॉनबेने रॅमसीवरचा एक माहितीपट गटातल्या दोघांनी पाहिला होता आणि खून कोणी केला यावर जोरात वाद चालला होता. शेवटी बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी बिल उलटं करून त्यावर तीन ओळी लिहिल्या: आई, वडील, घरी येणं-जाणं असलेला कोणी ओळखीचा. मग म्हणाले, "चला, हात वर करा."

चार हात आईसाठी वर गेले. मी तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं आहे. मला तो कागद पाहून अस्वस्थ वाटलं, कारण त्यावर एक ओळ कमी होती.

आधी प्रकरण थोडक्यात. २६ डिसेंबरच्या पहाटे आईला जिन्यावर खंडणीची अडीच पानी चिठ्ठी सापडली. मागणी १,१८,००० डॉलरची होती आणि कागद घरातल्याच वहीचा होता. आईने पोलिसांना बोलावलं, मित्रमंडळीही जमली. घराला नीट बंदोबस्त झाला नाही, माणसं खोल्याखोल्यांतून फिरत राहिली. दुपारी एकच्या सुमारास वडिलांनाच तळघरात मुलीचा मृतदेह सापडला आणि त्यांनी तो उचलून वर आणला. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर पंचनाम्याआधीच जागा विसकटली होती. पुढे मुलीच्या कपड्यांवर एका अनोळखी पुरुषाचा डीएनए मिळाला. २००८ मध्ये तिथल्या जिल्हा सरकारी वकिलांनी कुटुंबाला पत्र लिहून संशयातून मोकळं केलं, पण आई ते पत्र वाचायला नव्हती. ती २००६ मध्येच वारली. आजवर या खुनासाठी कोणालाही शिक्षा झालेली नाही.

मी काकांकडून पेन घेतलं आणि चौथी ओळ लिहिली: 'यादीत नसलेला'.

ही ओळ का हवी, हे डीएनए तपासणीच्या पहिल्याच गुन्ह्याने शिकवलं. इंग्लंडमधल्या लेस्टरशायरमध्ये १९८३ आणि १९८६ साली पंधरा-पंधरा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला. पोलिसांनी सतरा वर्षांच्या एका मुलाला पकडलं आणि त्याने एका खुनाची कबुलीही दिली. गावाच्या दृष्टीने प्रकरण संपलं होतं. लेस्टर विद्यापीठातल्या अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये माणसामाणसांतला डीएनएचा फरक ओळखण्याची पद्धत शोधली होती. उरलेला खूनही त्यानेच केला हे पक्कं व्हावं म्हणून पोलीस त्यांच्याकडे गेले. उत्तर उलटंच आलं: दोन्ही खून एकाच पुरुषाने केले आहेत आणि तो पुरुष हा मुलगा नव्हे. पुढे परिसरातल्या पाच हजारांहून अधिक पुरुषांचे नमुने घेतले, तरी कोणी जुळेना. मग एका पबमधल्या गप्पांतून कळलं की बेकरीत काम करणाऱ्या कॉलिन पिचफोर्कने आपल्या नावाने दुसऱ्यालाच रक्त द्यायला पाठवलं होतं. १९८८ मध्ये त्याला जन्मठेप झाली. गुन्ह्याच्या तपासात या तंत्राने केलेलं पहिलं काम हे एका निरपराध मुलाला सोडवण्याचं होतं. वर्गात हा धडा शिकवताना माझा आवाज दर वेळी थोडा चढायचा.

"पण सर, इथे तर पुरावे आहेत," गटातल्या वकीलबाई म्हणाल्या. वही घरातली, अक्षर आईसारखं, आणि खंडणीची रक्कम वडिलांना त्या वर्षी मिळालेल्या बोनसच्या जवळपास जाणारी.

पुराव्याला दोन प्रश्न विचारायचे असतात. हा माणूस दोषी असेल तर हा पुरावा दिसण्याची शक्यता किती? आणि तो निर्दोष असेल तर किती? पुराव्याचं वजन या दोन उत्तरांच्या गुणोत्तरात असतं. आपण पहिलाच प्रश्न विचारतो आणि मान डोलावतो. आईच्या पेशी तिच्याच घरातल्या वस्तूंवर सापडल्या, तर दोन्ही प्रश्नांचं उत्तर जवळजवळ सारखं येतं, म्हणजे त्या पुराव्याचं वजन शून्य. घरातली वही हे थोडं वेगळं. घरचा माणूस ती सहज घेईल, पण रिकाम्या घरात तासभर लपून बसलेला माणूसही तीच घेईल. बोनसचा आकडा घरच्यांना माहीत होता, कचेरीतल्यांना माहीत असू शकतो आणि टेबलावरची कागदपत्रं चाळणाऱ्यालाही कळू शकतो. या आकड्याने संशयितांचं वर्तुळ लहान होतं हे खरं, पण ते एका माणसापर्यंत येऊन थांबत नाही.

अक्षराचंही तसंच. मोबाइलवर चिठ्ठीचा फोटो मोठा करून 'हा ए बघा, तो ए बघा' असं चाललं होतं. आमच्या पिढीतल्या नाशिकच्या कितीतरी जणांनी एकाच कित्त्यावरून 'ळ' आणि 'क्ष' गिरवले. त्यांचे 'ळ' सारखे दिसले, तर त्यातून शाळेचा पत्ता लागेल, माणसाचा नाही. शिवाय एकच माणूस घाईत, थंडीत, भीतीत वेगवेगळं लिहितो. हस्ताक्षरतज्ज्ञ म्हणूनच साम्याइतकेच फरक मोजतात आणि संशयिताच्या खूप साऱ्या जुन्या लिखाणाशी ताडून बघतात. आम्ही मिसळीच्या टेबलावर फक्त साम्यं मोजत होतो.

आता आकड्यांची चूक, जी मला सर्वांत धोकादायक वाटते. समजा घटनास्थळी असं एक लक्षण मिळालं, जे दहा हजारांत एकाच माणसात आढळतं, आणि ते एका संशयिताशी जुळलं. 'तो निर्दोष असण्याची शक्यता दहा हजारांत एक' असं लगेच म्हटलं जातं. जरा थांबा. २०११च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या सुमारे १५ लाख होती. दहा हजारांत एक म्हणजे या शहरातच असे सुमारे दीडशे लोक निघतील. दुसरा काही पुरावा नसेल, तर आपला संशयित त्या दीडशेंपैकी एक, एवढंच सिद्ध होतं. इंग्लंडमध्ये १९९९ साली एका आईला तिच्या दोन तान्ह्या बाळांच्या खुनासाठी दोषी धरलं गेलं. दोन्ही मुलं पाळण्यात नैसर्गिकरीत्या दगावण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक, असं तज्ज्ञ साक्षीदाराने न्यायालयात सांगितलं होतं. एकाच घरातले दोन मृत्यू एकमेकांपासून स्वतंत्र मानून त्याने एका आकड्याला त्याच आकड्याने गुणलं होतं. दोन्ही मुलं एकाच आईवडिलांची, म्हणजे अनुवंशिकता सामाईक, हे त्यात धरलंच नाही. आणि एका आईने पाठोपाठ दोन बाळांना मारणं हेसुद्धा किती दुर्मिळ आहे, ही तुलनाही कोणी केली नाही. ब्रिटनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ मध्ये या आकडेमोडीवर जाहीर हरकत घेतली. २००३ मध्ये ती आई निर्दोष सुटली आणि चार वर्षांनी वारली.

"मग डीएनए आहे ना! तो अनोळखी पुरुष सापडला की झालं," इंजिनिअरिंगला असलेला काकांचा पुतण्या म्हणाला.

मलाही तसंच वाटायचं. पण संक्रांत आठवा. हळदीकुंकवाला आलेल्या तीस-चाळीस जणींच्या हातांतून तिळगूळ फिरतो, वाण फिरतं. घरी परतलेल्या बाईच्या हातावर अशा कोणाच्या तरी पेशी असू शकतात, जिला ती ओळखतही नाही. माणसाच्या एका पेशीत डीएनए असतो सुमारे ६ पिकोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या लाख कोटीव्या भागाच्या सहापट. नुसत्या स्पर्शाने वस्तूवर राहिलेल्या डीएनएवरून माणूस ओळखता येतो, आणि तो डीएनए एकाकडून दुसऱ्याकडे जाऊही शकतो, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये छापलं ते १९९७ साली. बोल्डरच्या त्या घरात माणसं फिरत होती त्यानंतर काही महिन्यांनी. आज ज्या सूक्ष्म खुणांवर आपण वाद घालतो, त्या जपायला हव्यात हे त्या सकाळी तिथल्या कोणालाच माहीत असण्याचं कारण नव्हतं. हातमोजे बदलायचे, प्रत्येक वस्तू वेगळ्या कागदी पाकिटात सीलबंद करायची, मुद्देमाल कोणाच्या हातून कोणाकडे गेला ते लिहून ठेवायचं, ही सगळी शिस्त या जाणिवेतून आणखी कडक होत गेली.

जर्मनीतल्या पोलिसांनी याची मोठी किंमत मोजली. १९९३पासूनच्या सुमारे चाळीस गुन्ह्यांच्या जागी त्यांना एकाच बाईचा डीएनए मिळत होता. खुनापासून किरकोळ घरफोडीपर्यंत सगळीकडे तीच. २००९ मध्ये उलगडा झाला: नमुने पुसून घ्यायच्या कापसाच्या काड्यांवर कारखान्यातल्या एका कामगार बाईचा डीएनए होता. काड्या निर्जंतुक केलेल्या होत्या. पण निर्जंतुकीकरणाने जंतू मरतात, डीएनए तिथेच राहतो.

तेव्हा अनोळखी पुरुषाचा तो डीएनए फार मोलाचा धागा आहे, पण त्यालाही तेच दोन प्रश्न विचारावे लागतात. आतल्या कपड्यांवरही तो आहे आणि वरच्या कपड्यांवरही तसाच आढळला, म्हणून त्याचं वजन वाढतं. तो एकाच माणसाचा आहे की मिसळलेला, यावर तज्ज्ञांत वाद आहे, म्हणून थोडं घटतं.

एव्हाना चहा आला होता. मी बिलाच्या कोपऱ्यात २, ४, ६ लिहिलं आणि म्हटलं, या आकड्यांमागे एक नियम आहे, तुम्ही आपापले तीन आकडे सांगा, नियमात बसतात की नाही ते मी सांगतो. पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाचा हा १९६० सालचा प्रयोग. काका म्हणाले ८, १०, १२. बसतं. पुतण्या म्हणाला २०, २२, २४. बसतं. सगळ्यांनी जाहीर केलं, दोन-दोनने वाढणाऱ्या सम संख्या! तेवढ्यात वकीलबाईंची नववीतली मुलगी, जी इतका वेळ गप्प होती, म्हणाली, "१, २, ५०?" तेही बसतं. नियम एवढाच होता की आकडे चढते हवेत. बाकी सगळे आपला अंदाज खरा ठरवणारे आकडे विचारत होते. तिने अंदाज मोडून बघितला.

शिकलेसवरलेले तज्ज्ञही यातून सुटत नाहीत. इटिएल ड्रोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाच अनुभवी ठसेतज्ज्ञांना त्यांनीच पूर्वी 'जुळतात' म्हटलेले बोटांचे ठसे पुन्हा दाखवले. या वेळी सांगितलं की हे ठसे चुकून जुळवले गेलेल्या एका गाजलेल्या प्रकरणातले आहेत. पाचांपैकी चौघांनी मत बदललं. ठसे तेच होते, बदलली होती फक्त कानावर पडलेली गोष्ट. एखाद्या आईबद्दल आधी तासभर कथा ऐकून मग तिचं अक्षर तपासणारे आपण कुठे असू, याचा विचार करा.

'ती नीट रडलीच नाही' हा मुद्दाही आमच्या टेबलावर दोनदा आला. समोरचा खोटं बोलतोय का, हे नुसतं बघून-ऐकून ओळखण्यात माणसं सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर ठरतात, असं शेकडो प्रयोगांच्या एकत्रित आढाव्यात दिसलं आहे. नाणं उडवलं तर ५० टक्के. दुःख करायची एकच रीत नसते. दारात मयत आलेलं असताना पाहुण्यांच्या चहाची काळजी करणारी बाई आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिली आहे.

नोएडातलं आरुषीचं प्रकरण तर आपल्या डोळ्यांसमोर घडलं. १६ मे २००८च्या सकाळी मुलीचा मृतदेह सापडला, घरगडी बेपत्ता होता. त्यानेच खून केला असं ठरलं, त्याच्यावर इनाम लावलं गेलं, वाहिन्यांवर त्याचा फोटो फिरला. दुसऱ्या दिवशी त्याच इमारतीच्या गच्चीवर त्याचाही मृतदेह मिळाला. देशभर ज्याला खुनी म्हटलं जात होतं, तो त्या वेळी मरून पडलेला होता. पुढे आईवडिलांना २०१३ मध्ये जन्मठेप झाली आणि २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली. मधल्या काळात एका उशीच्या अभ्र्यावरचा डीएनए अहवाल महत्त्वाचा ठरला असता, पण त्यात टंकलेखनाची चूक झाल्याचं प्रयोगशाळेने मागाहून कळवलं. त्या घरगड्याच्या घरच्यांना तो एक दिवस कसा गेला असेल, हा विचार मला अजून सोडत नाही.

"मग आता काय, थांबायचं?" काकांनी विचारलं.

थांबण्यातही काम असतं. रामकुंडावरच्या तीर्थपुरोहितांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळी असतात. गावाचं नाव आणि आडनाव सांगितलं की ते तुमचे पणजोबा काढून देतात. गेल्या काही वर्षांत तपासात जवळपास हेच होतं. घटनास्थळच्या डीएनएमधल्या लाखो जागा वाचायच्या, हौसेने आपला डीएनए नोंदवणाऱ्या लोकांच्या संग्रहात त्याचे लांबचे भाऊबंद शोधायचे, त्यांचे सामाईक खापरपणजोबा काढायचे आणि तिथून एकेक फांदी खाली उतरत यायचं. योग्य वयाचा, योग्य गावात राहिलेला माणूस मिळाला की मग त्याचाच नमुना घेऊन थेट जुळवायचा. बोल्डरमध्ये अडचण अशी की नमुना थोडा आहे, आणि प्रत्येक चाचणीत त्यातला काही भाग कायमचा खर्च होतो. आज वापरायचा की आणखी चांगल्या तंत्रासाठी राखायचा, हा निर्णय सोपा नाही.

या रीतीने कॅलिफोर्नियात एप्रिल २०१८ मध्ये एकाला अटक झाली. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांतले तेरा खून आणि कित्येक बलात्कार त्याने केले होते. शेवटच्या खुनाला बत्तीस वर्षं होत आली होती. चार दशकं त्या गुन्ह्यांवर पोलीस आणि हौशी लोक संशयितांच्या याद्या करत राहिले होते. हा माणूस त्या याद्यांत नव्हता. त्यातले सुरुवातीचे गुन्हे केले तेव्हा तो स्वतः पोलिसात नोकरीला होता.