गावात एसटी सुरू करायची आहे? अर्ज कोणाकडे, कसा आणि सोबत कोणते कागद

सरपंचांच्या लेटरपॅडवर "आमच्या गावास एस.टी. बस सुरू करणेबाबत" असा विषय, खाली चार ओळी, सोबत आमदारांचं शिफारसपत्र. असा अर्ज आगारात दिला की पाच-सहा महिन्यांनी उत्तर येतं: सदर मार्गावर पुरेसे भारमान नाही. आमच्या गावाला हे उत्तर दोनदा आलं. तिसऱ्या वेळी आम्ही शिफारसपत्र काढून टाकलं आणि त्या जागी एक तक्ता जोडला. सकाळच्या फेरीवर गाडी आली ती त्या तक्त्यामुळे, असं मी अजूनही मानतो.

भारमान म्हणजे गाडीतल्या आसनांपैकी किती आसनांचं भाडं प्रत्यक्ष मिळालं, त्याची टक्केवारी. 44 आसनांच्या गाडीत सरासरी 22 जण बसले तर ते झालं 50 टक्के. आगार व्यवस्थापकाला वरच्या कार्यालयात याच आकड्याचा हिशेब द्यावा लागतो. म्हणून "गाडीची फार गरज आहे" या वाक्याला त्याच्या टेबलावर फारशी किंमत नसते. कोणत्या वेळेला, कुठून कुठे, किती माणसं बसणार, हे लिहिलं की मात्र तो कागद पुढे सरकतो.

गाडी गावाला मिळत नाही, मार्गाला मिळते. फाट्यापासून पाच किलोमीटर आत असलेलं एकटं गाव सकाळी दहा-बारा प्रवासी देईल. त्याच रस्त्यावरच्या दोन वाड्या आणि पुढचं एक गाव धरलं तर आकडा चाळिशीत जातो. तेव्हा अर्ज एकत्र करा. प्रत्येक ग्रामपंचायतीचा ठराव वेगळा, पण अर्ज एकच आणि मागितलेली वेळही एकच. ही वेळ ठरवतानाच खरी भांडणं होतात. एका गावाला दहावीच्या जादा तासासाठी साडेसहाची गाडी हवी असते, दुसऱ्याला दूध घालून झाल्यावर आठची. ते भांडण गावातच मिटवा. आगारात तीन गावांचे तीन वेगळे अर्ज गेले की तिन्ही बाजूला पडतात.

अर्ज कोण करू शकतो?

ग्रामपंचायत, शाळा, महाविद्यालय, प्रवाशांचा गट, कोणीही. कोरा कागद चालतो, फी नाही. पण वजन पडतं ते ठरावाचंच. ग्रामसभेची वाट बघायची गरज नाही, मासिक सभेचा ठराव पुरतो. ठराव क्रमांक, तारीख, सूचक आणि अनुमोदकाचं नाव, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याची (म्हणजे कालपर्यंतच्या ग्रामसेवकाची) सही-शिक्का एवढं हवं. अर्ज आगार व्यवस्थापकाच्या नावे, प्रत विभाग नियंत्रकाला. एसटी महामंडळाचे 31 विभाग आहेत आणि आगारं अडीचशेच्या घरात. तुमचं गाव तालुक्याच्या सीमेवर असेल तर जवळचं आगार आपलंच असेल असं धरून चालू नका. त्या रस्त्यावर आज कोणत्या आगाराची गाडी धावते ते बसस्थानकावरच्या वाहतूक नियंत्रकाला विचारा आणि तिथेच अर्ज द्या.

सोबतचे कागद

सगळ्यात जास्त अडतं ते रस्त्यावर. रस्ता बस वाहतुकीस योग्य असल्याचं पत्र आधीच जोडलं तर एक फेरा वाचतो. रस्ता ग्रामीण मार्ग किंवा इतर जिल्हा मार्ग असेल तर पत्र जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाच्या उपअभियंत्याकडून घ्यायचं. प्रमुख जिल्हा मार्ग किंवा राज्यमार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाकडून. पत्र असलं तरी आगाराचा माणूस मार्ग सर्वेक्षणाला येतोच. तो यायच्या आधी स्वतः एकदा रस्त्यावरून चालत जा. ग्रामसडकेचं डांबर बहुतेक ठिकाणी 3.75 मीटर रुंद असतं आणि बस अडीच मीटरच्या आसपास. म्हणजे समोरून उसाचा ट्रॅक्टर आला की एकाला साइडपट्टीवर उतरावंच लागतं. साइडपट्टी खचलेली असेल तर चालक पहिल्याच दिवशी नकार देतो, आणि त्याचं चुकत नाही. बाभळीच्या फांद्या, खाली लोंबणाऱ्या विजेच्या तारा, ओढ्यावरचा फरशी पूल आणि गावात गाडी वळवायला जागा, एवढं बघा. आमच्याकडे वळणाची जागा पारासमोर होती, पण तिथे दोघांच्या बैलगाड्या कायम सोडलेल्या. सर्वेक्षणाच्या आदल्या रात्री त्या हलवल्या, म्हणून निभावलं.

दुसरा कागद मुख्याध्यापकांच्या पत्राचा. कोणत्या गावातून किती मुलं-मुली येतात आणि शाळा भरण्या-सुटण्याची वेळ काय, हे त्यात हवं. आणि तिसरा तो तक्ता: गाव, वेळ, जाण्याचं ठिकाण, रोजचे प्रवासी, आठवडी बाजाराच्या दिवशीचे प्रवासी. आकडे फुगवू नका. नवी फेरी बहुधा प्रायोगिक तत्त्वावर सुरू होते आणि पहिल्या दोन महिन्यांचं भारमान बघूनच ती टिकते की नाही ते ठरतं. लोकांना पाच मिनिटं आधी येणाऱ्या वडापची (खासगी जीपची) सवय असते. गाडी मागणारेच वडापने गेले तर पुढचा अर्ज कोण वाचणार?

मुक्कामी गाडी मागणार असाल तर ठरावात खोलीचाही उल्लेख करा. दार आतून लागणारी खोली, पाणी, संडास, तिकीट मशीन चार्ज करायला चालू प्लग. समाजमंदिराच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून चालक-वाहकांना झोपवणाऱ्या गावाची मुक्कामी गाडी लवकर बंद पडते.

मुलींसाठी वेगळी वाट

तुमचा तालुका मानव विकास कार्यक्रमातल्या (मागास तालुक्यांसाठीची राज्य शासनाची योजना) 125 तालुक्यांपैकी असेल तर आधी तिकडे बघा. या कार्यक्रमातल्या निळ्या रंगाच्या बस आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत नेण्यासाठी आहेत, प्रवास मोफत आहे आणि खर्च शासन देतं. त्यामुळे भारमानाची अडचण इथे तेवढी आड येत नाही. गाड्या एसटीच चालवते, पण कार्यक्रमाची सूत्रं जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे असतात. म्हणून अर्जाची प्रत जिल्हा नियोजन कार्यालयातही द्या. शाळेचं पत्र आणि मुलींची गावनिहाय यादी इथे सगळ्यात महत्त्वाची.

तालुका त्यात नसेल तरी अहिल्याबाई होळकर योजनेचा पास ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना मोफत मिळतो. इतर विद्यार्थ्यांना मासिक पासात 66.67 टक्के सवलत आहे. शाळेच्या सही-शिक्क्याचा अर्ज, फोटो आणि आधारची प्रत पुरते. महिलांना 17 मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आणि 75 वर्षांवरच्या ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे, हे आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे. सवलतीची रक्कम शासन महामंडळाला देतं.

अर्ज कधी द्यायचा आणि पुढे काय?

एप्रिलमध्ये. शाळा सुरू होण्याआधी फेऱ्यांची जुळवाजुळव होते, तेव्हा कागद टेबलावर असला पाहिजे. जून-जुलैत गेलात तर आषाढीसाठी गाड्या पंढरपूरकडे वळलेल्या असतात आणि चालू फेऱ्याच रद्द होत असतात. त्या दिवसांत नव्या फेरीचं नाव काढणं म्हणजे लग्नघरी उसने पैसे मागणं.

अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. "साहेब आले की देतो" हे उत्तर चालवून घेऊ नका. महिनाभरात काही हललं नाही तर प्रवासी राजा दिनाची तारीख विचारून घ्या. 2024 पासून या दिवशी विभाग नियंत्रक स्वतः आगारात बसून प्रवाशांच्या लेखी तक्रारी घेतात. पंचायत समितीची आमसभा आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारचा जिल्हाधिकारी कार्यालयातला लोकशाही दिन या त्यापुढच्या पायऱ्या.

फेरी सुरू होऊन बंद पडली, किंवा कागदावर चालू आणि रस्त्यावर गायब असेल, तर थांब्याजवळच्या टपरीत एक वही ठेवा. रोज तारीख, वेळ आणि आली की नाही, एवढंच लिहायचं. मग माहिती अधिकारात, 10 रुपयांच्या अर्जावर, त्या फेरीच्या गेल्या तीन महिन्यांतल्या रद्द दिवसांची यादी आणि दरदिवशीचं भारमान मागा. उत्तराला 30 दिवसांची मुदत असते. यादी आली की ती वहीशेजारी ठेवून ताडून बघा, आणि न जुळणाऱ्या तारखा पुढच्या अर्जात जशाच्या तशा लिहा.