आधी समस्थानिक, मग न्यूट्रॉन

लातूर-बीडकडे बोअर आठशे फूट खाली गेला तरी पाणी लागेलच याचा भरवसा नाही. लागलेच, तर ते गेल्या पावसाळ्यातले की आजोबांच्या काळातले, हे चवीवरून कळत नाही. त्याचा अंदाज देतो ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचा निसर्गात आढळणारा सगळ्यात जड भाऊ. अशा भावंडांना आपण समस्थानिके म्हणतो. शाळेच्या पुस्तकात व्याख्या एका ओळीत उरकते: प्रोटॉन तेवढेच, न्यूट्रॉन कमी-जास्त. गंमत म्हणजे समस्थानिकांचे बारसे झाले तेव्हा न्यूट्रॉन कोणाला ठाऊकच नव्हता.

भांडण वजनाचे होते. एका मूलद्रव्याचे सगळे अणू सारख्याच वजनाचे, असे डाल्टनने १८०८ मध्ये मांडले. ही वजने हायड्रोजनच्या पूर्ण पटीत असावीत, असे प्राउटने १८१५ मध्ये सुचवले. बऱ्याच मूलद्रव्यांना ते जवळपास जुळले. क्लोरीन मात्र ३५.५ वर अडून बसला. अर्धा हायड्रोजन आणायचा कुठून? हा प्रश्न शतकभर तसाच राहिला.

किरणोत्सार सापडल्यावर गोंधळ वाढला. युरेनियम आणि शिसे यांच्यामध्ये आवर्तसारणीत जागा मोजक्या, आणि नवी ‘मूलद्रव्ये’ मात्र तिसांहून अधिक. रदरफोर्डच्या प्रयोगशाळेत हेवेसी हा रसायनशास्त्रज्ञ त्यांतलेच एक, ‘रेडियम-डी’, शिशापासून वेगळे करायला बसला. जमले नाही. ते शिसेच होते, म्हणून जमणारही नव्हते! (याच अपयशातून हेवेसीला किरणोत्सारी अणूंचा माग काढण्याची युक्ती सुचली, पुढे तिला नोबेल मिळाले.) १९१३ मध्ये रसायनशास्त्रज्ञ सॉडीने निकाल दिला: वजने वेगळी, पण सारणीतले घर एकच. त्यासाठी मार्गारेट टॉड या डॉक्टरबाईंनी त्याला ग्रीकमधून ‘आयसोटोप’ हा शब्द काढून दिला. अर्थ ‘तीच जागा’. आपला ‘समस्थानिक’ शब्दही नेमके तेच सांगतो. मला तर तो मुळापेक्षा सरळ वाटतो.

त्याच वर्षी मोझलेने क्ष-किरणांवरून दाखवले, की मूलद्रव्याची ओळख वजन नव्हे, अणुकेंद्रावरचा धनभार ठरवतो. दोन वर्षांनी पहिल्या महायुद्धातल्या गॅलिपोलीच्या लढाईत तो मारला गेला, वयाच्या २७ व्या वर्षी.

मग १९१९ मध्ये अ‍ॅस्टनने अणूंना वजनानुसार वेगळे करणारे यंत्र बांधले आणि क्लोरीनचे बिंग फुटले. सुमारे तीन हिस्से ३५ चे, एक हिस्सा ३७ चा, सरासरी ३५.५. न्यूट्रॉन सापडला तो १९३२ मध्ये, चॅडविकला. वजनातली तफावत कुठे दडली होती, हे तेव्हा कुठे कळले.

मराठवाड्याचा काळा पाषाण याच हिशेबाने मोजतात. पोटॅशियम-४० चा काही भाग क्षय पावून आर्गॉन-४० होतो. निम्मे पोटॅशियम-४० संपायला १२५ कोटी वर्षे लागतात. लाव्हा थिजल्यावर खडकात किती आर्गॉन साठला यावरून दख्खनच्या बेसाल्टचे वय साधारण साडेसहा कोटी वर्षे निघते. वेरूळची लेणी याच थरांत कोरली आहेत.

पाण्यासाठी एवढे मंद घड्याळ चालत नाही. ट्रिटियम १२.३ वर्षांत निम्मे होते, आणि १९५०-६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी ते पावसात भरपूर मिसळले होते. बोअरच्या पाण्यात ते जवळपास नसेलच, तर ते पाणी त्या चाचण्यांच्या आधी मुरलेले. म्हणजे एकाच भोकातून आधी उडते ती साडेसहा कोटी वर्षांची भुकटी, आणि मागून येते ते पाणी कधी पणजोबांच्या, तर कधी परवाच्या पावसाचे.