पंचेचाळीस की नऊ?

साधा कुकर घ्यायचा तरी माझा मावसभाऊ मंदार आठ दिवस अभ्यास करतो. त्यामुळे पिस्तूल घ्यायचं त्याच्या डोक्यात आलं, तेव्हा पुढचे दोन महिने शनिवारच्या जेवणाला आमच्याकडे दुसरा विषय नव्हता. आम्ही दोघंही ह्यूस्टनला राहतो. टेक्ससमध्ये सप्टेंबर २०२१पासून एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या आणि कायद्याने शस्त्र बाळगायला पात्र असलेल्या माणसाला परवाना न काढताही पिस्तूल कमरेला लावून फिरता येतं. मला तसं फिरायचं नाही, आणि का नाही यावरून आमचं एकदा कडाक्याचं वाजलंही आहे. पण मी पडलो मेकॅनिकल इंजिनिअर. "पंचेचाळीस घेऊ की नाइन?" असं कुणी विचारलं की माझा हात आपोआप कागद-पेन्सिलीकडे जातो.

पंचेचाळीस म्हणजे .४५ कॅलिबर. गोळीचा व्यास इंचाच्या पंचेचाळीस शतांश, म्हणजे साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास. नाइन म्हणजे ९ मिलिमीटर. पहिली अमेरिकन, जॉन ब्राउनिंगच्या डोक्यातून आलेली. दुसरी जर्मन, जॉर्ज लुगरची, विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीची. अमेरिकेत या दोघींचे भक्त शंभर वर्षं एकमेकांशी भांडताहेत. पुण्यात हा वाद रंगत नाही, कारण भारतात नाइन सर्वसाधारण परवान्यावर मिळतच नाही. तिथे परवानाधारकाच्या वाट्याला बहुतेक वेळा कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर येतं.

वाद घालण्यापेक्षा भाड्याने दोन्ही पिस्तुलं घेऊन झाडून बघू, असं ठरलं. शूटिंग रेंजवर मंदारने मोठं घेतलं ते १९११ नावाचं पंचेचाळीस. अमेरिकन लष्कराने १९११ साली स्वीकारलेलं, सगळं पोलादी, वजन १.१ किलो. छोटं घेतलं ते सिग पी३६५ हे नाइन, खिशात मावेल असं, वजन जेमतेम अर्धा किलो. कानाला मफ, डोळ्यांना चष्मा, सात यार्डांवर कागद. पंचेचाळीसचा धक्का मोठा असणार म्हणून मंदार दात आवळून उभा राहिला. सात गोळ्या झाडल्या. मग छोटं उचललं, तीन गोळ्या झाडल्या आणि अंगठ्याखालचा तळवा चोळत वळला, "अरे, ही चिमुरडीच जास्त चावते की!"

हे त्याला चमत्कारिक वाटलं. खरं तर शाळेच्या विज्ञानातच त्याचं उत्तर होतं. .४५ची नेहमीची गोळी साधारण १५ ग्रॅमची, वेग सेकंदाला २५५ मीटर. ९ मिलिमीटरची गोळी ८ ग्रॅमची, वेग ३५० मीटर. गतिज ऊर्जा म्हणजे अर्धं वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. आकडेमोड केली तर दोघींची ऊर्जा ४९० ज्यूलच्या आसपास येते, म्हणजे जवळजवळ सारखीच! एक जड आणि सावकाश, दुसरी हलकी आणि चपळ, इतकंच.

हाताला बसणारा धक्का मात्र गोळीच्या ऊर्जेवरून ठरत नाही, तो संवेगावरून ठरतो. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, इथे वर्ग नाही. .४५चा संवेग भरतो ३.८ एकक आणि नाइनचा २.८. गोळी जेवढा संवेग घेऊन पुढे जाते, तेवढाच घेऊन पिस्तूल मागे येतं. म्हणजे .४५चाच धक्का मोठा? हो, पिस्तुलांचं वजन सारखं असतं तर. १.१ किलोचं १९११ मागे येतं सेकंदाला साडेतीन मीटरने, आणि हाताला थोपवावी लागते साडेसहा ज्यूल ऊर्जा. अर्ध्या किलोचं पिस्तूल मात्र ५.६ मीटरच्या वेगाने उसळतं आणि जवळजवळ आठ ज्यूल हातात आणून टाकतं. नळीतून निघणाऱ्या वायूंचा झटका मी यात धरलेला नाही. तो धरला तर दोन्ही आकडे वाढतात, क्रम तोच राहतो.

दुकानात छोटं पिस्तूल हातात घेतलं की 'किती हलकं!' म्हणून माणूस हरखतो. दिवसभर कमरेला बाळगताना ते सुख खरंच आहे. पण झाडताना त्याच हलकेपणाची वसुली तळहाताकडून होते. नवशिक्याने पहिलंच पिस्तूल खिशात मावणारं घेऊ नये, असं माझं मत या आकड्यांमुळेच झालं.

जाता जाता सिनेमाबद्दल एक. गोळी लागली की माणूस मागे उडून काचेतून पार जातो, हे दृश्य आपण लहानपणापासून बघतो. ताशी १४० किलोमीटरने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूचा संवेग सहाच्या वर भरतो, .४५च्या गोळीच्या दीडपटीहून जास्त. बुमराचा चेंडू बरगडीत बसला तर फलंदाज कळवळतो, पण उडून सीमारेषेबाहेर पडत नाही. पिस्तुलाची गोळी माणसाला ढकलत नाही, भोक पाडते. ते भोक कुठे पडलं आणि किती खोल गेलं, यावर पुढचं सगळं ठरतं.

एवढी साधी गोष्ट कळायला अमेरिकेला फार वर्षं लागली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फिलिपिन्समध्ये मोरो लढवय्यांशी लढताना अमेरिकन सैनिकांची तक्रार होती, की .३८च्या रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या लागूनही समोरचा माणूस थांबत नाही. मग १९०४ साली थॉम्पसन आणि लगार्ड या दोन अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यातली जनावरं आणि काही मृतदेह यांच्यावर वेगवेगळ्या गोळ्या झाडून पाहिल्या. आज ते प्रयोग वाचताना अंगावर काटा येतो आणि इंजिनिअर म्हणून हसूही येतं. नमुने मूठभर आणि पद्धत मधेच बदललेली, पण निष्कर्ष मात्र ठाम: लष्करी पिस्तुलाचं कॅलिबर .४५हून कमी नको. त्या एका शिफारशीतून १९११ जन्माला आलं आणि १९८५पर्यंत अमेरिकन फौजेचं मुख्य पिस्तूल राहिलं. त्याची जागा घेतली ती ९ मिलिमीटरच्या बेरेटाने.

लगेच पुढच्याच वर्षी लंबक उलटा फिरला. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआय आणि दोन बँक-लुटारू यांच्यात चकमक झाली. दोन एजंट मारले गेले, पाच जखमी झाले. एका लुटारूच्या दंडातून छातीत शिरलेली ९ मिलिमीटरची गोळी हृदयाच्या थोडी अलीकडे थांबली होती, आणि त्यानंतरही तो लढत राहिला. त्याच्याकडे रायफल होती, तर बहुतेक एजंटांकडे रिव्हॉल्व्हर. तरी खापर फुटलं ते नाइनवर.

त्यातून एक चांगलं काम मात्र झालं. गोळ्या मोजायची शिस्त आली. वजनाने दहा टक्के जिलेटिनचा, फ्रिजइतका थंड ठोकळा करायचा. तो मुळात नीट जमलाय का हे एअरगनच्या छऱ्याने तपासायचं, आणि मग त्यात गोळी झाडायची. जिलेटिन म्हणजे काही माणूस नव्हे, पण ते दर वेळी सारखं वागतं, आणि तुलना करायला तेच हवं असतं. गोळी किमान बारा इंच आत गेली पाहिजे आणि अठरा इंचांच्या पलीकडे नको, ही आजही वापरात असलेली पट्टी तिथूनच आली.

एफबीआयने आधी १० मिलिमीटरचं जबरदस्त काडतूस धरलं. ते अनेक एजंटांच्या हाताला झेपेना. म्हणून तेच आखूड करून १९९० साली .४० आलं. देशभरच्या पोलिसांनी ते उचललं, आणि पंचवीसेक वर्षांनी एफबीआय पुन्हा नाइनवर येऊन थांबली! कारण दोन. मधल्या काळात गोळीची घडण इतकी सुधारली, की जिलेटिनमध्ये .४०, .४५ आणि नाइन यांच्यातला फरक नगण्य उरला. आणि कमी धक्क्याच्या नाइनने बहुतेक एजंट जास्त वेगाने, जास्त अचूक मारत होते.

अचूक म्हणजे काय, ते आमच्या कागदावर दिसतच होतं. मंदारच्या १९११च्या सात गोळ्या बशीएवढ्या वर्तुळात होत्या. छोट्याच्या सगळ्या डावीकडे खाली, ताटभर पसरलेल्या. याचा काही भाग निव्वळ भूमितीचा. नेम धरायच्या मागच्या खाचेपासून पुढच्या साइटपर्यंतचं, म्हणजे नळीच्या टोकावरच्या खुंटीपर्यंतचं अंतर १९११वर साधारण १६५ मिलिमीटर, छोट्यावर १३०. साइट खाचेत एक मिलिमीटर इकडे-तिकडे झाली, तर २५ मीटरवर पहिल्याची गोळी पंधरा सेंटिमीटर चुकते, दुसऱ्याची एकोणीस. उलट अख्खा हात तिरका न होता पाच मिलिमीटर हलला, तर गोळी पाचच मिलिमीटर चुकते. म्हणून हात थरथरतो याची फार चिंता करायची नसते, मनगट वाकलं तर करायची. डोळ्याला खाच, पुढची साइट आणि लक्ष्य असं तिन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसत नाही. स्पष्ट ठेवायची ती पुढची साइट. लक्ष्य धूसर दिसलं तरी चालतं.

भूमितीपेक्षा मोठा खलनायक म्हणजे ट्रिगर. अर्ध्या किलोच्या पिस्तुलाचा ट्रिगर ओढायला अडीच किलोच्या आसपास जोर लागतो, म्हणजे वजनाच्या पाचपट. तो जोर सरळ मागे गेला नाही, तर अख्खं पिस्तूल बोटाबरोबर वळतं. १९११ला हेच गुणोत्तर दुपटीच्या आसपास.

"पण धक्क्यानेच नेम हलतो ना?" मंदारने विचारलं. गोळी चार इंची नळीतून बाहेर पडायला अर्ध्या मिलिसेकंदाहून थोडा जास्त वेळ घेते. तेवढ्यात पिस्तूल मागे सरकतं दीडेक मिलिमीटर. मेंदूला काही जाणवून हात हलायला सहज दोनशे मिलिसेकंद लागतात. म्हणजे धक्का कळेपर्यंत गोळी कागद भोकून पार मागच्या मातीत गेलेली असते. नेम बिघडतो तो येणाऱ्या धक्क्याच्या भीतीने, गोळी सुटायच्या आधी.

हे त्याला पटेना. तेव्हा रेंजवरच्या म्हाताऱ्या प्रशिक्षकाने छोट्याची मॅगझिन मागून घेतली, पाठ फिरवून भरली आणि परत दिली. मंदारने दोन गोळ्या झाडल्या. तिसऱ्या वेळी नुसतं 'टक्' झालं. आत नारिंगी प्लास्टिकचं खोटं काडतूस होतं. धक्का नाही, आवाज नाही, आणि तरीही नळी दोन बोटं खाली गेली, डावीकडे झुकून. कागदावरची भोकं जिथे होती, बरोबर त्या दिशेने. मंदार त्या नळीकडे बघतच राहिला.

म्हाताऱ्याने दोन्ही पिस्तुलं बाजूला ठेवून त्याला .२२ दिलं. अडीच ग्रॅमची गोळी, किलोभराचं पिस्तूल, धक्का अर्ध्या ज्यूलहूनही कमी. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ साली आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय महिला होण्याचा मान मिळवला, तो याच कॅलिबरने, २५ मीटरवर. त्या स्पर्धेच्या प्रिसिजन फेरीत दहा गुणांचं वर्तुळ पाच सेंटिमीटरचं असतं.

मंदार पुढचे चार महिने दर रविवारी .२२च झाडत होता. मधल्या काळात त्याने एकच वस्तू विकत घेतली, बोटाच्या ठशाने उघडणारी पोलादी पेटी. मुलगी आठ वर्षांची आहे, आणि ही पेटी पिस्तुलाच्या आधी घरात आली पाहिजे, यावर वहिनीचं आणि माझं एकमत होतं.

परवा पुन्हा छोटं नाइन भाड्याने घेतलं. मॅगझिन म्हाताऱ्यानेच भरली. चार गोळ्या बशीत बसल्या. पाचव्या वेळी 'टक्' झालं, आणि पुढची साइट खाचेत जिथल्या तिथे राहिली.

मंदार वळला. "मग? आता कोणती घेऊ?"

म्हाताऱ्याला मराठी कळायचं कारण नव्हतं. त्याने .२२चा आणखी एक डबा पुढे सरकवला.